ओळखीचा घाट, परके गाव

चित्रपटाचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात घडतो, हे आता सर्वमान्य आहे. लेव्ह कुलेशोव्हने मॉस्कोत चालणारी पात्रे वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसच्या पायऱ्यांपाशी पोहोचविली. ते दोन तुकडे एकसंध केले प्रेक्षकाने. डेव्हिड बोर्डवेलच्या १९८५ मधील प्रतिपादनानुसार प्रेक्षक पडद्यावरील सूचनांवरून, पूर्वज्ञानाच्या आधारे, कथा रचतो. परंतु हे पूर्वज्ञान कथेला प्रतिकूल असेल तर?

सातारा जिल्ह्यातील प्रेक्षकापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. 'स्वदेस'मधील (२००४) उत्तर प्रदेशातील चरणपूर त्याच्या लेखी मेणवली असते. तो घाट नाना फडणवीसांनी कृष्णाकाठी बांधविलेला. 'गंगाजल'मधील (२००३) बिहारचे तेजपूरही वाई-सातारा परिसरातच चित्रित झाले. अभिनवगुप्ताच्या रसविघ्नांत स्थळकाळाविषयीच्या आपपरभावाचा समावेश आहे. त्या न्यायाने ही ओळख म्हणजे आस्वादातील अडथळाच.

पण १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' पाहणाऱ्यांनाही आपण सांगलीतच बसलो आहोत हे ठाऊक होते. तरी मिथिला उभी राहिली. म्हणजे केवळ ज्ञानाने प्रतीती भंगत नाही. फरक माध्यमात आहे. रंगभूमी 'ही मिथिला समजा' अशी विनंती करते. छायाचित्रण मात्र 'हे असे आहे' अशी साक्ष देते.

नैतिक प्रश्न इथे उद्भवतो. 'गंगाजल'ची कथा काल्पनिक असली, तरी तिच्यामागे १९७९-८० मधील भागलपूरचे अंधत्वकांड आहे: पोलिसांनी संशयितांचे व कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत अ‍ॅसिड ओतले होते. अन्यत्रचा प्रेक्षक त्या गल्ल्या पाहून 'बिहार असाच' म्हणून मोकळा होऊ शकतो. साताऱ्याच्या प्रेक्षकाला ही सोय तितकी सहज उपलब्ध नाही. त्या भिंती त्याच्या आहेत. आपले गाव विनासायास 'तिकडचे' ठरू शकते, हे त्याने पाहिलेले असते.

यावरून साताऱ्यातील वास्तवाविषयी काहीही सिद्ध होत नाही. दगडी घाटांचे साम्य हा कोणत्याही समाजाविरुद्धचा पुरावा नव्हे. परंतु नेमके हेच त्याला उमगते: दृश्यावरून समाजाचा निवाडा करता येत नाही, मग तो समाज बिहारचा का असेना. ओळख त्याला निर्णय देत नाही, निर्णयाची घाई रोखते.

साधारणीकरण स्थळाचा विशेष पुसून भाव सर्वांचा करते. त्यात एक धोका राहतो: जे सर्वांचे, त्याचे उत्तरदायित्व कोणाचेच नसते. म्हणून आस्वादाच्या दृष्टीने जे विघ्न, तेच काही वेळा विवेकाचे साधन ठरते.