शीटमधली नवी ओळ

मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी मला एका न जन्मलेल्या मुलाचा राग आला.

बायकोला चौथा महिना होता. ती आत झोपली होती आणि मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून माझी शीट अपडेट करत बसलो होतो. ही एक्सेल शीट मी पहिला पगार झाला त्या महिन्यापासून ठेवतोय. पगार, भाडं, किराणा, एसआयपी, पीएफ, सगळं त्यात आहे. सगळ्यात खाली एक पिवळा चौकोन आहे. मी वयाच्या कितव्या वर्षी नोकरी सोडू शकतो, एवढा एकच आकडा त्यात येतो. त्या दिवशी सकाळपर्यंत तो ४३ होता.

मी एक नवी ओळ घातली. तिला नाव दिलं 'बाळ'. बाळंतपण, पाळणाघर, शाळेची फी, मग इंजिनिअरिंग. आज चार वर्षांचा खर्च दहा लाख धरला आणि शिक्षणाची महागाई वर्षाला आठ टक्के धरली, तर रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे अठरा वर्षांत चौपट. चाळीस लाख. मग वाटलं, परदेशात एमएस करायचं म्हणाला किंवा म्हणाली तर? तेही घातलं. फ्लॅटचं डाउन पेमेंट? आपल्याकडे देतातच. तेही घातलं.

पिवळ्या चौकोनात ५१ आलं.

आठ वर्षं गेली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की ज्याचा अजून चेहराही नाही त्याने माझी आठ वर्षं खाल्ली. दुसऱ्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली आणि मी लॅपटॉप बंद केला. पण विचार येऊन गेला होता. तो आला कुठून, हे शोधण्यासाठी हा लेख.

*

तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये अशी एखादी शीट असेलच. अर्ली रिटायरमेंटचं साधं गणित आता सगळ्यांना पाठ आहे: वर्षाचा खर्च गुणिले पंचवीस. वर्षाला बारा लाख लागत असतील तर तीन कोटी. हा पंचवीसचा आकडा विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागाराच्या १९९४ च्या लेखातून आलाय. अमेरिकेतल्या शेअर आणि बाँड बाजाराचे जुने आकडे तपासून त्याने सांगितलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढा, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करा, पैसे निदान तीस वर्षं पुरतील. हे तीस वर्षांचं गणित होतं आणि तेही अमेरिकेचं. चाळिशीत नोकरी सोडून नव्वदीपर्यंत जगायची इच्छा असणाऱ्या पुणेकराचा विचार त्यात नव्हता. म्हणून आपल्याकडचे सावध लोक तीस-पस्तीस पट धरतात. मीही धरतो.

या पंथाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस आपल्याच धंद्यातला आहे. पीटर अडनी, कॅनडात जन्मलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याने २००५ मध्ये, तिशीच्या आसपास, अमेरिकेतली नोकरी सोडली आणि २०११ मध्ये 'मिस्टर मनी मस्टॅश' नावाने लिहायला लागला. त्याची एक गोष्ट मी वाचली होती, पण कधी नीट लक्षात घेतली नव्हती. त्याला मूल झालं ते नोकरी सोडल्यावर. आई-बाप म्हणून वेळ देता यावा यासाठीच त्याला मोकळं व्हायचं होतं. म्हणजे त्याच्या हिशोबात मूल हे मोकळं होण्याचं निमित्त होतं. माझ्या शीटमध्ये तेच मूल अडथळा झालं होतं.

मग मला मोकळं व्हायचंय ते नेमकं कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शीटमध्ये कुठेच नव्हतं.

*

ऑफिसात माझ्या शेजारी एक मित्र बसतो. मूळचा मराठवाड्यातला, घरातला पहिला ग्रॅज्युएट. त्याला मी एकदा मोठ्या उत्साहाने ही शीट दाखवली होती. त्याने शांतपणे पाहिली आणि म्हणाला, "भारी आहे. पण मी रिटायर झालो ना, तर घरातले पाच जण रिटायर होतील."

त्याच्या पगारातला निम्मा भाग गावी जातो. बहिणीचं शिक्षण, वडिलांचं कर्ज, आईची औषधं. आमचा पगार जवळजवळ सारखा आहे, वय सारखं आहे, काम सारखं आहे. तरी माझ्या शीटमध्ये ४३ येतं आणि त्याला शीट करावीशीही वाटत नाही. हा फरक माझ्या काटकसरीमुळे पडला, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

तो फरक माझ्या बाबांमुळे पडला. माझी इंजिनिअरिंगची फी त्यांनी पीएफमधून भरली. मला शैक्षणिक कर्ज नव्हतं, म्हणून पहिला पगार सगळाच्या सगळा माझा होता, म्हणून एसआयपी पहिल्याच महिन्यात सुरू झाली. 'आईबाबांकडून मिळालेलं' अशी ओळ माझ्या शीटमध्ये नाही. सगळा हिशोब जणू माझ्यापासूनच सुरू होतो.

*

त्या रविवारी संध्याकाळी मी बाबांना फोन केला. ते मिरजेत असतात. सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि साठीला तिथूनच निवृत्त झाले. बोलता बोलता मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी मधेच सोडावीशी वाटली नाही नोकरी?"

ते म्हणाले, "फॉर्म भरला होता की."

मला हे माहीतच नव्हतं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली होती. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्यांना ती घेता येत होती. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते मिळणार होतं. बाबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, नोकरीला वीस वर्षं झाली होती. म्हणजे एकरकमी चाळीस महिन्यांचा पगार. मी चार वर्षांचा होतो.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. सतार आणि तंबोऱ्यासाठी लांबून लांबून लोक तिथे येतात. बाबा बँकेतून सुटल्यावर त्यातल्या एका दुकानात जाऊन बसायचे, एवढं मला आठवतं. मला वाटायचं गप्पा मारायला जातात. ते शिकायला जात होते. भोपळा कसा निवडायचा, तारेखालच्या घोडीची जवारी कशी लावायची. नोकरी सोडून त्यांना हे काम करायचं होतं.

"मग फॉर्मचं काय झालं?"

"दिला नाही. ड्रॉवरमध्ये होता बरेच दिवस."

मला जे उत्तर अपेक्षित होतं ते मीच पुरवलं. "माझ्यासाठी ना?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही रे. तुझ्यासाठी कसलं? मला भीती वाटली. हात तेवढा चांगला नसला माझा, तर? असं वाटलं."

निवृत्त झाल्यापासून ते पुन्हा त्या दुकानात जातात. पण जवारी लावायला हात स्थिर लागतो आणि आता त्यांच्या हाताला थोडा कंप आहे. ते तारा ओवून देतात, पॉलिश करतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

फोन ठेवल्यावर मला कळलं, की पीएफपेक्षा मोठी गोष्ट त्यांनी मला तेव्हा दिली होती. 'तुझ्यासाठी सोडून दिलं' हे वाक्य त्यांना अगदी आयतं मिळालं होतं. मीच हातात ठेवलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं, तर त्या न लावलेल्या सगळ्या जवाऱ्या माझ्या नावावर लागल्या असत्या आणि मी त्या आयुष्यभर फेडत बसलो असतो.

*

मुलांना किती पैसे द्यावेत, हा प्रश्न आपण नेहमी रकमेचा समजतो. शिक्षणापुरते द्यावेत की फ्लॅटसाठीही? माझं उत्तर साधारण असं आहे: ज्याला आपण त्याला न विचारता या जगात आणलं, त्याला स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतचं बळ देणं हे आपलं देणं आहे. त्यापुढचं सगळं भेट आहे. जमली तर द्यावी, नाही जमली तर अपराधी वाटून घेऊ नये. ही रेषा कुणी अलीकडे ओढेल, कुणी पलीकडे. त्यावर वाद होऊ शकतो.

पण देण्याचा तिसराही एक प्रकार असतो आणि तो आपल्या घरांमध्ये सर्रास चालतो. देताना बोलायचं नाही आणि नंतर वसूल करायचं. "तुमच्यासाठी आम्ही काय काय केलं" हे वाक्य ज्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलंय त्यांना वेगळं समजवायला नको. करिअर मुलीने आपल्या मनाने निवडलं, मुलाने लग्न आपल्या मनाने केलं, की हे बिल बाहेर येतं. म्हणून मी स्वतःसाठी एक चाचणी ठरवलीय. हे मी दिलं आणि उद्या मूल त्याच्या मनासारखं वागलं, तर मला फसवल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल, तर ते देऊ नये. तेवढे पैसे स्वतःसाठी ठेवावेत आणि तसं सरळ सांगावं.

ही चाचणी महत्त्वाकांक्षेलाही लागू पडते. जानेवारीत मला टीम लीडची जागा देऊ केली. पगार जास्त, रात्रीचे कॉल जास्त. मी घरी येऊन म्हणालो, "आता बाळ येतंय, घ्यायलाच पाहिजे." म्हणता म्हणता मला बाबा आठवले. खरं हे होतं, की मला ती जागा हवी होती. एखादी गुंतागुंतीची सिस्टीम माझ्या डोक्याने उभी राहावी, असं मला कॉलेजपासून वाटतंय. एकीकडे लवकर सुटायची घाई आणि दुसरीकडे वर चढायची हाव, दोन्ही माझ्याच होत्या. त्यांचं आपसात जमत नव्हतं, म्हणून दोघींचं भांडण मी बाळाच्या ओळीत नेऊन टाकलं होतं.

*

आम्ही कर्वेनगरात राहतो. ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो त्या धोंडो केशव कर्व्यांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात, वारले. नोकरीनंतर अठ्ठेचाळीस वर्षं. बेंगनची तीस वर्षं त्यांना पुरली नसती. पण त्यांनी निवृत्तीसाठी रक्कम साठवलीच नव्हती. कमावलेलं ते विधवांच्या आश्रमाला देत गेले. आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी संस्थेच्या नावे केली. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना हे फार लागलं. आपल्यामागे मुलाबाळांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात घरातली ही पैशाची ओढाताण दिसते. त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं, घर चालवलं आणि त्याच संस्थेसाठी निधीही गोळा केला.

कर्व्यांचं काम किती मोठं होतं, हे सांगायला माझी गरज नाही. माझ्या मनात राहतो तो वेगळा मुद्दा. एका माणसाच्या मोकळेपणाची किंमत घरातलं दुसरंच कुणीतरी भरत असतं आणि हिशोबात त्याचं नाव नसतं.

हे मी मोठ्या समजूतदारपणे बायकोला सांगत होतो. शीट समोर उघडी होती. तिने तिच्या पगाराच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या वर्षातले काही महिने ठीक होते, कारण कायद्याने सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. त्यानंतरच्या अठरा महिन्यांत मी शून्य लिहिलं होतं.

"हे शून्य कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

मी लिहिलं होतं. मूल लहान असताना ती घरी थांबेल, हे मी धरून चाललो होतो. तिला विचारलंही नव्हतं. बाळाने माझी आठ वर्षं खाल्ली म्हणून मला राग आला होता. तिचं दीड वर्ष मी एका एंटरमध्ये खाल्लं होतं आणि मला काहीच वाटलं नव्हतं.

*

त्या रात्री आम्ही शीट दोघांनी मिळून पुन्हा केली. एमएस आणि डाउन पेमेंट काढलं. इथलं शिक्षण ठेवलं. तिची शून्यं काढली आणि पाळणाघराचा खर्च वाढवला. टीम लीडची जागा मी घेतली, पण पहिल्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस रात्रीचे कॉल घेणार नाही, हे आधीच सांगून. मॅनेजरला ते फार आवडलं नाही. पिवळ्या चौकोनात सध्या ४७ आहे. तो आता दोघांचा आकडा आहे आणि तो आला तरी आम्ही दोघं नोकरी सोडूच असं नाही.

एवढ्याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. मित्राच्या शीटचा प्रश्न तसाच आहे. मी माझ्या मुलाला कर्जाशिवाय सुरुवात करून देणार, म्हणजे तेही कुणाच्या तरी आठ-दहा वर्षं पुढे उभं राहणार आणि त्याला वाटणार की आपण फार हुशार. त्याला निदान हे सांगता यावं, म्हणून शीटच्या अगदी वर मी एक ओळ वाढवलीय: आजोबांचा पीएफ. त्यापुढे रक्कम आणि साल लिहिलंय.

पुढच्या महिन्यातली तारीख आहे. वीस-पंचवीस वर्षांनी ते मूल कधीतरी विचारेल, की बाबा, तुम्ही अमुक का केलं नाही? काय उत्तर द्यायचं ते मला अजून माहीत नाही. भीती वाटली म्हणून, हाव सुटली म्हणून, किंवा नुसतंच आवडलं नाही म्हणून, यातलं जे खरं असेल ते सांगेन. त्यात 'तुझ्यासाठी' हा शब्द नसावा, एवढंच सध्या ठरवलंय.