वेशीतलं बोलणं

उत्पत्तीचा चौतिसावा अध्याय आमच्याकडे सहसा प्रवचनाला घेत नाहीत. हमोराचा मुलगा शखेम याने याकोबाच्या मुलीवर, दीनेवर केलेला अत्याचार, मग सुंता, मग कत्तल; लेकराबाळांपुढे पाळकसाहेब तरी काय बोलणार? मी मात्र आठवडाभर त्याच पानावर अडकलोय.

मुलासाठी मागणी घालायला हमोर याकोबाकडे येतो तेव्हा किती गोड बोलतो! आमच्यात राहा, व्यापार करा, जमीनजुमला करा. याकोबाचे मुलगे अट घालतात, तुमच्यातल्या प्रत्येक पुरुषाची सुंता झाली पाहिजे. बापलेक लगेच राजी. मग ते गावाच्या वेशीत येऊन लोकांना समजावतात. माणसं सलोख्याची आहेत, आपल्याकडे जागाही ऐसपैस आहे. आणि शेवटी, यांची गुरंढोरं, मालमत्ता आपलीच नाही का होणार? याकोबापुढे त्याच्या गुरांचा विषय निघाला नव्हता. वेशीत दीनेचं नाव निघालं नाही. गावाने मान डोलावली.

पलीकडचे तरी काय सोवळे होते? सुंता म्हणजे अब्राहामाशी देवाने केलेल्या कराराची खूण. तिचाच त्यांनी सापळा केला. तिसऱ्या दिवशी पुरुष दुखण्याने पडलेले असताना दीनेचे भाऊ शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन गावात शिरले. त्यांचा संताप खरा होता, हे मला पटतं. पण मग मेंढरं, गाढवं, घरातलं किडूकमिडूक, लोकांची बायकापोरं कशाला उचलून आणली? बहिणीच्या अब्रूची भरपाई गाढवांत? आणि ज्या दीनेसाठी म्हणून हे सगळं झालं, तिच्या तोंडी अख्ख्या अध्यायात एक शब्द नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

माझी वेस म्हणजे मंडळीच्या कमिटीची मीटिंग. चार वर्षांपूर्वी देवळाच्या रंगकामाचा ठराव आला. मी उठून अनुमोदन दिलं, देवाचं घर असं कळकट दिसणं बरं नाही, असंही म्हणालो. आवाज थोडा भरून आला होता. तो खोटा नव्हता, हीच तर गंमत आहे. पण त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात मेहुण्याच्या रंगाच्या दुकानाचं कोटेशन होतं, चार घड्या घातलेलं. पुढच्या मीटिंगला ते टेबलावर आलं. नातं मी सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस बजावत होतो. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मेहुण्याने दिवाळीला आमच्याकडे मिक्सर पाठवला.

त्याच मीटिंगमध्ये छपराचाही विषय होता. डाव्या बाजूला, शेवटच्या बाकाच्या वर गळतं. तिथे एक म्हातारी बसते, विधवा आहे, कमिटीवर नाही. रंगानंतर छपराला पैसे उरले नाहीत. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. ते कोण म्हणालं मला आठवत नाही. मीच असेन.

परवा पावसात उपासनेला गेलो. तिने पायाशी प्लास्टिकचं टमरेल ठेवलं होतं. ते भरलं की उठायची, बाहेर ओतून यायची, पुन्हा गीताची ओळ शोधायची. उपासना सुटल्यावर दाराशी भेटली.

‘‘रंग मात्र छान टिकलाय हं, भाऊ.’’

‘‘देवाची कृपा,’’ मी म्हणालो.