योजनेला स्वतःचा कर हवा

सोलापुरातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला अडीच हजार. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी (रोहयो) बसवला गेला, हे कापून घेणाऱ्यालाही आज क्वचितच ठाऊक असते. मुंबईच्या नोकरदाराने दिलेल्या पैशातून सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या मजुराला काम मिळावे, अशी ती उघड आणि कायद्याने बांधलेली व्यवस्था होती. कल्याणकारी योजना टिकते की नाही, हे तिच्या हेतूपेक्षा दोन गोष्टींवर अधिक ठरते: तिचा पैसा कोणत्या करातून येणार हे आधी सांगितले आहे का, आणि तो न मिळाल्यास दाद मागण्याचा हक्क लोकांना आहे का. महाराष्ट्राने एकेकाळी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली होती. आज सरकार ती देत नाही, आणि आपणही विचारत नाही.

यातली एक गोष्ट असून दुसरी नसेल तर काय होते, ते सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याने तरी विसरू नये. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला. आष्टीचा तलाव त्याच काळातल्या दुष्काळी कामांतून उभा राहिला. पुढच्या दुष्काळाची तजवीज म्हणून ब्रिटिश सरकारने १८७८ साली दुष्काळ विमा निधीची योजना आखली. वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढायचे ठरले आणि त्यासाठी व्यापार-उदिमावर परवाना कर बसवला. पण १८७९ मध्ये अफगाण युद्धाचा खर्च वाढताच ती तरतूद थांबवली गेली. कर मात्र चालू राहिला. ज्यांच्या नावाने तो घेतला, त्यांच्या हाती सरकारला जाब विचारण्याचे कोणतेही साधन नव्हते. जवळजवळ शंभर वर्षांनी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेत ही उणीव भरून निघाली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटवली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, हा हक्क ठरला. पैशासाठी व्यवसाय कराबरोबर मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमीन यांवर जादा आकारणी झाली आणि जितका कर जमेल तितकाच हिस्सा राज्याने स्वतःच्या तिजोरीतून रोजगार हमी निधीत घालायचा, असे ठरले.

दुष्काळी जिल्ह्याला हीच रचना का लागते? पाऊस हुकला की मजुराची गरज वाढते, आणि नेमकी त्याच वर्षी शेतीवर अवलंबून असलेली सरकारी आवकही रोडावते. साध्या योजनेला अशा वर्षी कात्री लागते, निधी उशिरा सुटतो, मार्चअखेर घाईने खर्ची पडतो, आणि उरलेसुरले पुरवणी मागण्यांवर ढकलले जाते. शहरी पगारावरचा कर मात्र पावसावर अवलंबून नसतो. त्या भरवशावर रोहयोची कामे निघाली, पाझर तलाव आणि नालाबांध झाले. १९९० पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेली, आणि सांगोल्याच्या माळरानावर बोर आणि डाळिंब उभे राहिले ते त्या आधाराने.

अर्थशास्त्राचे अभ्यासक यावर रास्त आक्षेप घेतात. कर विशिष्ट कामाला बांधला की विधिमंडळाचे हात बांधले जातात. एकीकडे निधी पडून राहतो आणि दुसरीकडे दवाखान्याला औषध मिळत नाही. सरसकट प्रत्येक योजनेला कर बांधावा, असे माझेही म्हणणे नाही. पण जे वचन सरकारला आपल्या सोयीने मागे घेता येऊ नये, तिथे हात बांधलेलेच बरे. शिवाय हे बंधनही आपण समजतो तितके घट्ट नाही. वसूल झालेला कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून हमी निधीत वळवायचा तर अर्थसंकल्पात तशी तरतूद करावी लागते. खरी पळवाट इथे आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर अकुशल मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला, राज्यावरचा दाब कमी झाला आणि व्यवसाय कराच्या मूळ हेतूची आठवणही पुसट झाली. या कराची घटनात्मक मर्यादा १९८८ पासून अडीच हजारांवरच थांबली आहे, हीही या रचनेची मोठी दुर्बलता.

आता महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेकडे पाहू. जून २०२४ मध्ये ती शासन निर्णयाने आली, कायद्याने नव्हे. वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी रुपये होता. पुढच्या वर्षी तरतूद ३६ हजार कोटींची झाली. त्याच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती. म्हणजे एवढ्या मोठ्या खर्चासाठी नवा कर नव्हता, होती ती तूट. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर हरकत घेतली. भर उन्हात खडी फोडायला लावण्यापेक्षा बाईच्या खात्यावर थेट पैसे जाणे अधिक सन्मानाचे, असे कोणी म्हणेल, आणि मला ते मान्य आहे. विडी वळणाऱ्या सोलापूरच्या बाईला दीड हजारांचे मोल कोणी शिकवायला नको. म्हणूनच हा पैसा वसतिगृहाच्या वा शिष्यवृत्तीच्या तरतुदीतून येता कामा नये, आणि निवडणुकीनंतरच्या पडताळणीत नाव गळाले तर तिला दाद मागण्याची कायदेशीर जागा हवी. नवा कर लावल्यास मते जातील, ही भीती खरी आहे. पण करांसह उभ्या राहिलेल्या रोहयोला १९७७ मध्ये सर्व पक्षांनी हात वर करून पाठिंबा दिला होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमदारांनी, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात दोन आकडे मागावेत: व्यवसाय करातून वर्षात किती रुपये आले आणि त्यातले हमी निधीत किती पोचले. आणि लाडक्या बहिणीचे पैसे कायद्याने बांधून त्यासाठी कराचे नाव जाहीर करा, असा ठराव त्यांनी मांडावा.