निष्ठा आणि अभिष्वंग



गेल्या माघात शिरोली एमआयडीसीत कामगार मंडळींनी नामसप्ताह मांडला होता. पंचगंगेचा पूल ओलांडून हमरस्त्याने पुढे गेले की फौंड्र्यांची धुराडी दिसू लागतात. ओतकाम, यंत्रकाम, पॅटर्न बनविणे यांवर येथे हजारो घरांच्या चुली पेटतात. पहिली पाळी सुटली की हातपाय धुऊन मंडळी टाळ गळ्यात घालीत आणि थेट मंडपात येत. भट्टीपुढे आठ तास उभे राहिलेला देह रात्री पावलीत नाचताना पाहून या कीर्तनकाराला स्वतःच्या आळसाची लाज वाटली.

त्यांत पन्नाशीतील एक मोल्डर होते. घरी तीन पिढ्यांची आषाढी वारी. सहा दिवस ते पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभे राहिले आणि एक दिवस मात्र दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "माउली, काल कुठे होता?" ते संकोचून म्हणाले, "महाराज, खोटं बोलत न्हाई. काल आमच्या तालमीची म्याच हुती. शाहू स्टेडियमवर गेल्तो."

मला राग आला. हरिकथा टाकून चेंडू पाहावयास जाणे! मी बोललोही, जरा कठोरच बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि हळूच म्हणाले, "महाराज, आमची टीम लई वर्सं झाली, मोठी स्पर्धा जिंकल्याली न्हाई. तरी मी जातोय. वडील न्यायचे खांद्यावर बसवून. हरली म्हणून माणूस सोडतो व्हय?"

या उत्तराने मी निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे.

बाहेरगावच्या वाचकांना कोल्हापूरचे हे वेड ठाऊक नसेल. कुस्तीच्या या पंढरीत फुटबॉलही तालमीतच वाढला. म्हणून येथील संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हेही आहेतच. पेठेत जन्मलेल्या मुलाला आडनावाबरोबर संघही मिळतो. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. विश्वचषक आला की येथील गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. ज्या देशांचा रस्ताही आपल्याला माहीत नाही, त्यांच्यासाठी येथे पैजा लागतात.

आता विचार करा. या प्रेमात लाभ कोणता? बक्षीस खेळाडूला मिळते. पाहणाऱ्याला ऊन मिळते आणि घसा बसतो. तरी तो चाळीस वर्षे जातो. संघ हरला तरी जातो, खेळाडू बदलले तरी जातो. आपल्यापैकी किती जण असे आहेत, की नवस फळला नाही तरी ज्यांची वारी चुकत नाही? मुलाला नोकरी लागली नाही म्हणून माळ खुंटीला टांगणारे मी पाहिले आहेत. नारदांनी भक्तीची जी खूण सांगितली, की विसर पडताच जीव कासावीस व्हावा, ती खूण त्या मोल्डरच्या चेहऱ्यावर मला दिसली. तेव्हा या निष्ठेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. काल्याच्या दिवशी तेच माउली पुन्हा आले आणि मान खाली घालून बसले. म्हणाले, "महाराज, त्या दिवशी म्याच सुटल्यावर दगडफेक झाली. माझ्या पोराचं नाव पोलिसांत गेलंय. आता नोकरीला चारित्र्याचा दाखला मागत्यात, तो कसा मिळायचा? आणि दगड लागला कुणाला? दुसऱ्या तालमीच्या पोराला. त्यो माझ्याच हाताखाली काम करतोय, साच्यात वाळू भरतोय. रोज माझ्या डब्यातली भाकरी खातोय. मी माझ्या पोराला तालमीचं प्रेम दिलं हुतं. त्यात दगड कुठनं आला?"

हा प्रश्न मी घेऊन घरी आलो. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचा शोध आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी आसक्तीचा अभाव सांगितला आणि त्यापुढे लगेच अभिष्वंगाचा अभाव असे वेगळे लक्षण सांगितले. ही पुनरुक्ती नाही. आचार्यांनी भाष्यात याचा उलगडा केला आहे: दुसऱ्याला सुख झाले की मीच सुखी, त्याला दुःख झाले की मीच दुःखी, तो जगला तर मी जगलो, तो मेला तर मी मेलो, असे जे दुसऱ्याशी एकजीव होणे, तो अभिष्वंग. पाठशाळेत हे पाठ करताना मला पुत्र, पत्नी, घर एवढेच दिसत होते. आज वाटते, हे वर्णन स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला तंतोतंत लागू पडते. "आम्ही जिंकलो" असे तो म्हणतो. वास्तविक जिंकलेले अकरा जण वेगळेच असतात.

हा अभिष्वंग कोठवर नेतो, त्याचा दाखला कलकत्त्यात आहे. मोहन बागान हा १८८९ सालचा संघ. १९११ साली त्याच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून ढाल जिंकली, तेव्हा सारा देश आनंदला. ते प्रेम किती शुद्ध होते! पण त्याच संघाचा १९७५ साली ईस्ट बंगालने पाच गोलांनी पराभव केला, आणि एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढील जन्मी चांगला खेळाडू होऊन याचा सूड घेईन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली. पुढे १९८० साली याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. चेंडू आणणाऱ्याच्या दुकानात त्याची किंमत काय आणि तो कितीला पडला!

त्या मुलाची चिठ्ठी मला फार दिवस टोचत राहिली. कारण पुनर्जन्म आमच्या तुकोबारायांनीही मागितला आहे. मोक्ष नको, नाम आणि संतसंग दे, त्यासाठी पुन्हा गर्भवास आला तरी चालेल, असे त्यांचे मागणे. दोघांनीही मुक्ती नाकारली. एकाने प्रेमासाठी नाकारली, दुसऱ्याने सुडासाठी. बाहेरून दोन्ही निष्ठा सारख्याच; आत पाहिले तर एकीला जगण्यासाठी शत्रू लागतो, दुसरीला लागत नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सुरू होतात ती कोठून? कोणत्याही भूताचा द्वेष नसणे, येथून. पूजा, जप, उपवास यांच्या आधी हे. त्या माउलींच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. दगड प्रेमातून आला नाही. प्रेमाच्या पाठीवर बसून आलेल्या द्वेषातून आला.

कोणी म्हणेल, मग खेळच नको. हे संतांना मान्य नाही. तुकोबांच्या गाथ्यात चेंडूफळी आहे, विटीदांडू आहे, हुतूतू आणि फुगडीही आहे. वारीच्या वाटेवर रिंगण होते, तेही मैदानच. पण तेथे अश्व धावतो आणि हरत कोणीच नाही. सगळेच त्याच्या टापांची धूळ कपाळी लावतात आणि मग एकमेकांच्या पाया पडतात.

मात्र आपण फार ताठ मानेने बोलू नये. काही वर्षांपूर्वी पालखीत दिंड्यांच्या क्रमावरून वाद झाला. आमची दिंडी पुढे की त्यांची, एवढेच कारण. त्या गर्दीत मी एका वृद्ध वारकऱ्याला ढकलले. तो पडला, उठला, त्याने माझेच पाय धरले आणि "माउली" म्हणाला. माझ्या हातात दगड नव्हता, वीणा होती. पण मनात दगडच होता. आपला फड, आपली दिंडी, आपली परंपरा हे शब्द उच्चारताना आपल्या तोंडी भक्ती असते की अभिष्वंग, हे ज्याचे त्याने तपासावे.

सुधारणा अशक्य नाही. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात एका तरुण डॉक्टर महिलेच्या हत्येने लोक हादरले होते. तेव्हा याच मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे चाहते, आपापल्या रंगांचे कपडे अंगात घालून, न्याय मागण्यासाठी एकत्र रस्त्यावर उभे राहिले. कोणीही आपला संघ सोडला नव्हता. फक्त शत्रू सोडला होता.

मी त्या माउलींना निरोप धाडला: "सामना सोडू नका. पण मुलाला घेऊन त्या जखमी पोराच्या घरी जा. पोलिसांचे कागद त्यांच्या वाटेने जातील. पाया पडायला दाखला लागत नाही." चैत्रात ते भेटले. म्हणाले, "गेल्तो महाराज. त्या पोराच्या आईनं आधी दार उघडलं न्हाई. मग च्या दिला. पोरगं माझं रडलं." दाखल्याचे काम अजून अडलेलेच आहे. जखमी मुलगा कामावर परतला असून दुपारी दोघे एकाच डब्यातून जेवतात. पुढच्या सामन्याला तिघांनी मिळून जायचे ठरले आहे; बसणार मात्र वेगवेगळ्या बाजूंना.

माउली, एवढे साधले तरी पुष्कळ. संघ कोणताही असो, दिंडी कोणतीही असो. समोरच्याच्या पायावर डोके ठेवता येते की नाही, एवढी एकच कसोटी आहे. इत्यलम्.