नव्या दलाचे घर

लष्करी विमानांच्या आरंभाची गोष्ट आपण बहुधा वैमानिकांपासून सांगू लागतो. मला ती अटींच्या एका यादीपासून सांगावीशी वाटते. १९११ च्या शरद ऋतूत फ्रेंच लष्कराने रॅंस शहराजवळ विमानांची स्पर्धा भरवली. विमानाने ३०० किलो ओझे घेऊन ३०० किलोमीटर न थांबता उडायचे, ताशी किमान ६० किलोमीटर वेग राखायचा, नांगरलेल्या शेतात उतरायचे आणि तिथूनच पुन्हा उडायचे. शिवाय विमान इंजिनासकट फ्रान्समध्येच बनलेले हवे. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९०९ मध्ये, त्याच रॅंसला हजारो लोक हवेतल्या कसरती पाहायला जमले होते. तमाशाच्या वस्तूकडून लष्कर आता हमालीची आणि चिखलात उतरण्याची अपेक्षा करत होते. ही अपेक्षा नेमक्या आकड्यांत मांडणाऱ्या खात्याचा प्रमुख होता जनरल पिएर ऑग्युस्त रोक.

रोकचे नाव उड्डाणाच्या कोणत्याही विक्रमाशी जोडलेले नाही. तो १८५६ साली जन्मलेला, पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला लष्करी अभियंता. पुढे सरसेनापती झालेला झोफ्र त्याचा जुना सोबती. रोकची उमेदीची वर्षे वसाहतींत गेली. मादागास्करात त्याने लोहमार्गाचे काम पाहिले. (ती चाकरी साम्राज्याची होती, हे विसरून त्याचे कौतुक करता येणार नाही.) घाट फोडून रूळ टाकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडी धावायची तर आधी पाणी, कोळसा, दुरुस्तीचे आवार आणि शिकलेली माणसे लागतात. विमानाकडेही त्याने याच नजरेने पाहिले असावे, असे मला वाटते.

त्याच्यापुढचा खरा अडथळा हवेत नव्हता, लष्कराच्या आतच होता. तोफखान्याला विमान हवे होते, कारण गोळे कुठे पडतात ते वरून दिसते. अभियंता दलाकडे आधीपासून फुगे होते, म्हणून विमानेही आपलीच असे त्या दलाचे म्हणणे. दोघांनी वेगवेगळी खरेदी केली, वेगवेगळी माणसे शिकवायला घेतली. सप्टेंबर १९१० मध्ये पिकार्डीच्या सरावांत विमानांनी टेहळणी करून दाखवली आणि हा पसारा असाच चालू देणे अवघड झाले. २२ ऑक्टोबर १९१० रोजी युद्धखात्याने लष्करी विमानविद्येसाठी स्वतंत्र कायमची तपासणी यंत्रणा स्थापन केली आणि ती रोककडे सोपवली. रोक अभियंता दलाचाच होता, त्यामुळे तोफखान्याची नाराजी लगेच मिटली नाही. तरी खरेदी, प्रशिक्षण आणि चाचण्या एका छताखाली आल्या. २९ मार्च १९१२ च्या कायद्याने या दलाला रीतसर अस्तित्व मिळाले. त्याच वर्षी रोक दुसऱ्या नेमणुकीवर गेला आणि हे काम जनरल इर्शोअरने पुढे नेले.

सप्टेंबर १९१४ च्या आरंभी फोन क्लुकचे जर्मन सैन्य पॅरिसला बगल देऊन आग्नेयेला वळले. ते वळण पॅरिसच्या छावणीतल्या वैमानिकांनी वरून पाहिले. त्यानंतर झालेली मार्नची लढाई एकट्या विमानांनी जिंकली असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्या दिवशी उडायला विमाने होती, निरीक्षक होते आणि त्यांचा अहवाल वाचणारा अधिकारी होता. रोकच्या व्यवस्थेत उणिवाही होत्या. विमानांचे नाना प्रकार सेवेत आले होते आणि त्यांची दुरुस्ती डोकेदुखी झाली होती. तो स्वतः मार्च ते डिसेंबर १९१६ युद्धमंत्री होता आणि १९२० मध्ये वारला. फ्रान्सबाहेर त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या गुहागरच्या माणसाने या फ्रेंच अधिकाऱ्याकडे एवढे लक्ष का द्यावे? कारण नव्या दलाचा प्रश्न या किनाऱ्याने दीडशे वर्षे आधी भोगला आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड उभा आहे. १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी दाभोळ आणि हा परिसर घेतला, त्याच काळात मराठ्यांचे आरमार आकाराला येत होते. जमिनीवरची घोडदळी राज्ये समुद्राकडे पाठ फिरवून बसलेली असताना महाराजांनी स्वतंत्र आरमार उभे केले. त्याला गोद्या, किल्ले आणि अधिकारी दिले. १६९९ मध्ये सिद्दीने अंजनवेल घेतले. १७४५ मध्ये मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्यातल्या तुळाजीने ते परत जिंकले आणि गोपाळगड हे नाव त्यानंतरचेच.

पुढचे प्रकरण लिहिताना आजही हात अडखळतो. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, खंडणी देत नव्हता, शेजारच्या मराठी मुलखालाही उपद्रव देत होता. त्याची बाजू स्वच्छ नव्हती. पण त्याला वठणीवर आणायला नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि आंग्र्यांची गुराबे-गलबते बंदरातच जळाली. आंग्र्यांचे अंजनवेलही पेशव्यांकडे आले. आनंदराव धुळपांनी नंतर पेशव्यांचे आरमार नेटाने चालवले, पराक्रमही केला. तरी इंग्रजांना समुद्रावर अडवण्याची ताकद मराठ्यांना पुन्हा कमावता आली नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी गोपाळगडही घेतला.

पुण्याला पॅरिससारखाच पेच पडला होता. नवे दल कुणाचे? फ्रान्समध्ये मंत्र्याने भांडण मिटवून दल राज्याच्या हाती घेतले. पुण्याने दल ज्याच्या हाती होते त्याला मोडताना दलही जळू दिले. आरमार ही एका घराण्याची मिरास राहिली, यात दोष एकट्या पेशव्यांचा नाही. शिवकाळानंतर तिला राज्याचे खाते करण्याचे काम नेटाने कुणी केलेच नाही.

आपल्याकडे रोकशी ज्यांची बरोबरी करावीशी वाटते, ते गणवेषातले नव्हते. डॉ. विष्णु माधव घाटगे १९०८ साली कोल्हापूर संस्थानात गडहिंग्लजजवळच्या हसूर चंपूला जन्मले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली आणि घाटगे तिथे गेले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानअभियांत्रिकीचा विभाग निघाला, त्याची घडण त्यांनीच केली. आधी शिकवणारा विभाग, मग विमान, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ५ ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडाले. हवाई दलाच्या कितीतरी मुलांनी पहिले धडे त्या दोन आसनांच्या, पंख्याच्या विमानात गिरवले. लढाऊ विमानाची छायाचित्रे भिंतीवर लागतात, प्रशिक्षण विमानाची लागत नाहीत. तरी दलाचा पाया तिथेच भरला जातो.

ही घडी पुढे अडली ती इंजिनापाशी. जर्मन संरचनाकार कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली, घाटग्यांसारख्यांच्या साथीने, मारुत हे लढाऊ जेट तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याची रचना ध्वनीपेक्षा जलद उडण्यासाठी होती. त्यासाठी योजलेले अधिक ताकदीचे ऑर्फियस इंजिन पुरे करायला ब्रिटिश कंपनीला पैसा हवा होता आणि दिल्लीने तो दिला नाही. इजिप्तबरोबर इंजिनाची खटपट झाली, तीही फळली नाही. जानेवारी १९७० मध्ये मारुतच्या सुधारित नमुन्याची चाचणी घेताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. १९७१ च्या युद्धात वाळवंटात मारुतांनी चोख काम केले, पण कमी ताकदीच्या इंजिनावरच. एकूण १४७ विमाने बनली आणि तो वंश तिथेच खुंटला. रॅंसच्या अटींतली शेवटची अट आपण कागदावरसुद्धा स्वतःला घातली नव्हती.

आजही चित्र फार वेगळे नाही. आपले तेजस हे लढाऊ विमान अमेरिकी इंजिनावर उडते आणि ती इंजिने वेळेवर न आल्याने नव्या विमानांचा पुरवठा रखडला. १९८० च्या दशकात हाती घेतलेले कावेरी इंजिन २००८ मध्ये तेजसपासून वेगळे केले गेले. उंचीवरच्या चाचण्यांसाठी ते रशियाला न्यावे लागले, कारण तशी चाचणीची सोय आपल्याकडे नव्हती. आता पुढच्या लढाऊ विमानाचे इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर विकसित करण्याचा मनसुबा संरक्षणमंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्याचे स्वागत करताना मला किमतीपेक्षा दुसऱ्या गोष्टींची काळजी वाटते. जळत्या भागांतल्या पात्यांचा धातू ओतण्याची विद्या करारात आपल्या मालकीची होणार का? चाचणीचे आवार आपल्या देशात बांधले जाणार का, आणि ते ज्याच्या हाती असेल त्या अधिकाऱ्याला दहा वर्षे खुर्चीवरून न हलवता काम करू दिले जाणार का? संसदेत कुणी यातला एक जरी प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आकड्यांत मागितले, तर रोक आणि घाटगे यांनी ज्या रीतीने काम केले ती रीत इथे पुन्हा सुरू होईल.