सुट्टींतील वकिली

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे अभ्यासापासून सुटका, अशी आमच्या पिढीची साधी समजूत होती. परीक्षा संपली कीं पुस्तकें माळ्यावर जात. कायद्याच्या विद्यार्थ्यास हें सुख आतां उरलेलें नाहीं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 सालच्या नियमांप्रमाणें तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत निदान 12 आणि पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत निदान 20 आठवडे त्यानें प्रत्यक्ष कामांत घालविले पाहिजेत. तेही एका वर्षांत सलग चारांहून अधिक नव्हेत. म्हणून मे महिना आला कीं कोणी मुंबईच्या एखाद्या मोठ्या सॉलिसिटर कंपनींत, तर कोणी आपल्याच तालुक्यांतील वकिलाच्या दफ्तरांत जाऊन बसतो. कोर्टांनाही त्याच सुमारास सुट्टी असते, ही यांतील गंमत. पण वकिलाचें दफ्तर बंद नसतें, आणि पुष्कळसा कायदा कोर्टाबाहेर, दफ्तरांतच घडत असतो. सुट्टी संपली कीं विद्यार्थी प्रमाणपत्र आणि रोजनिशी आणून आम्हां शिक्षकांपुढें ठेवितो. आम्ही सही करितों. येथें आमचा आणि त्या अनुभवाचा संबंध संपतो.

या अनुभवानें विद्यार्थ्याच्या अभ्यासांत नेमका काय फरक पडतो? त्याला व्यवहाराचें ज्ञान होतें, असें सामान्यतः सांगतात. तें खरें आहे, पण फारसें महत्त्वाचें नाहीं. वकालतनामा कोठें जोडावा, नकलेचा अर्ज कोणाकडे द्यावा, हें शहाणा मनुष्य सनद मिळाल्यावर पंधरा दिवसांत शिकतो. त्यासाठीं विद्यार्थिदशेंतील सुट्ट्या खर्ची घालण्याचें कारण नाहीं.

गांधींच्या आत्मकथेंतील दोन प्रसंग या संदर्भांत मला नेहमीं आठवतात. 1891 सालीं बॅरिस्टर होऊन ते परतले, आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत उलटतपासणीस उभे राहिले असतां त्यांच्या तोंडून एकही प्रश्न निघेना. फी परत करून ते बाहेर पडले. पुस्तकांत त्यांचें कांहीं उणें होतें असें नव्हे. पुढें 1893 सालीं प्रिटोरियास दादा अब्दुल्लांच्या दाव्यासाठीं ते गेले. दावा 40,000 पौंडांचा आणि सारा हिशेबाच्या गुंतागुंतीचा. तेव्हां ते जमाखर्च शिकले, कागद न् कागद वाचला, आणि खटल्यांत हकिकतीचें वजन केवढें असतें हें त्यांना तेथें उमगलें. माझ्या मतें यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. हकिकत इतकी जवळून पाहिल्यामुळेंच, दावा लांबला तर दोन्ही नातलग धुळीस मिळतील हें त्यांना दिसलें, आणि त्यांनीं दोघांना लवादापुढें नेलें. हकिकतीकडे नीट पाहतां पाहतां त्यांचें लक्ष माणसांकडे गेलें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थिनी सुट्टींत आपल्या गांवच्या वकिलांकडे काम करून आली. मुलगी हुशार. हिंदु उत्तराधिकार कायद्याचें सहावें कलम तिला तोंडपाठ होतें: 1994 सालीं महाराष्ट्रानें त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींना दिलेला हक्क, 2005 सालची केंद्राची दुरुस्ती, आणि त्या वेळीं वडील हयात असण्याची गरज नाहीं असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 सालचा निकाल. त्या महिन्यांत वकिलांनीं तिला एक हक्कसोडपत्र टंकलिखित करावयास दिलें. साठीच्या एका बाई वडिलांच्या जमिनींतील आपला हिस्सा दोघां भावांसाठीं सोडीत होत्या. मोबदला कांहीं नाहीं. 'राजीखुशीनें व कोणाच्याही दडपणाशिवाय' हे ठराविक शब्द हिनेंच टंकलिखित केले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बांकावर बसलें असतां तिनें बाईंना हळूच विचारलें, "मावशी, कायद्यानें तुमचा भावांइतकाच वांटा आहे, ठाऊक आहे ना?" बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे गं पोरी. पण दिवाळीला जायला एक घर उरलं पाहिजे ना."

जुलैंत मी करार कायद्याचें सोळावें कलम शिकवीत होतों. एकानें दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालवूं शकण्याच्या स्थितींत असावें, आणि त्या स्थितीचा उपयोग करून त्यानें गैरवाजवी फायदा घ्यावा, म्हणजे अनुचित प्रभाव सिद्ध होतो. तिनें उठून ही हकिकत सांगितली आणि विचारलें, "सर, ही संमति खरी कीं खोटी?" मीं कलमाची फोड करून दाखविली. ती म्हणाली, "पण भावांनीं दडपण आणलेंच नाहीं. त्यांना कांहीं म्हणावेंच लागलें नाहीं."

तीस वर्षें मीं तें कलम शिकविलें आहे. या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

सुट्टीचा खरा उपयोग मला हा वाटतो. विद्यार्थी कलमाकडून माणसाकडे जाण्यास शिकलेला असतो. क्वचित् एखादी सुट्टी त्याला माणसाकडून कलमाकडे परत आणिते. त्या वर्षीं ती मुलगी निकाल वाचूं लागली ते हकिकतीपासून. पूर्वीं ती तो भाग टाकून थेट निष्कर्षावर उडी घेई. परीक्षेंत तिचे गुण मात्र थोडे घसरले. आमच्या प्रश्नपत्रिकांना हकिकतीचें वावडें आहे.

सर्वांचें असें होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्याच वर्गांतील एक तरुण परतला तो "सर, प्रत्यक्षांत असें नसतें" हें पालुपद घेऊन. दिवाणी प्रक्रिया संहितेंत सुनावणी चालूं असतां एका पक्षकारास तिनांहून अधिक तहकुबी देऊं नयेत असें आहे; तो हंसला. 2005 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सालेम वकील संघाच्या खटल्यांत, पक्षकाराच्या आटोक्याबाहेरील कारण असल्यास त्याहून अधिक मुदत देतां येईल, असें म्हटलें आहे. त्या अपवादाचा रोजचा रिवाज झालेला त्यानें पाहिला, आणि जें चालतें तोच कायदा असा निष्कर्ष काढला. विसाव्या वर्षीं आलेलें हें शहाणपण मला अज्ञानापेक्षां अधिक भयंकर वाटतें. अज्ञानी मनुष्य निदान विचारतो तरी. नियम आणि रिवाज यांत अंतर आहे हें दोघांनींही पाहिलें. एकानें त्या अंतरावरून नियमच खोटा ठरविला. दुसरीला तें अंतर खुपूं लागलें. बुद्धीनें दोघें सारखींच होतीं. मला वाटतें, तिनें ते शब्द स्वतःच्या हातानें उमटविले होते, आणि तो नुसता प्रेक्षक होता. अर्थात् ही माझी अटकळ.

ही संधि सर्वांस सारखी मिळत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. ज्याचा मामा वकील आहे त्याला दफ्तर सहज मिळतें. ज्याचा नाहीं तो बहुधा विनावेतन काम करून मुंबईंत खोलीचें भाडें स्वतः भरतो, नाहीं तर कोणाकडून तरी प्रमाणपत्र तेवढें मिळवितो. पण ज्याला खरा अनुभव मिळतो, त्याच्या बाबतींतही आम्ही काय करितों? तो हातांत एक प्रश्न घेऊन येतो, आणि आम्ही त्याचे आठवडे मोजतों.

त्या तासानंतर मीं कपाटांतून तिची रोजनिशी पुन्हां काढली. त्या दिवसाच्या पानावर एवढेंच होतें: 'हक्कसोडपत्र, एक. टंकलेखन केलें. नोंदणी झाली.' खालीं माझी सही होती. तिच्यावरची तारीख तिच्या प्रश्नाच्या आठ दिवस आधींची होती.