अस्वल, अंतर आणि भूतदया

पर्वतप्रदेशी विश्रांतीस गेलेल्या मनुष्यास रानातले अस्वल पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, त्या दर्शनाचे मोल कोणी द्यावयाचे?

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. तेथे एके काळी हॉटेलांतील खरकटे उघड्यावर टाकीत आणि अस्वले ते खाताना प्रेक्षक बाकांवर बसून पाहत. मोटारी थांबवून त्यांस खाऊ घालणे ही भूतदयाच, असे अनेकांस वाटे. परिणाम काय झाला? १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी दर वर्षी सरासरी ४८ माणसांस जखमी केले. आणि माणसांना सरावलेली कितीतरी अस्वले ठार करावी लागली. १९७० साली धोरण बदलले. पुढे दुखापती ओसरल्या. परंतु जडलेली सवय मोडतानाही अनेक अस्वले प्राणास मुकली.

आज तेथे अस्वलापासून निदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. दुर्बिणीतून पाहावे, समूहाने चालावे, अन्न बंदिस्त ठेवावे, समोर गाठ पडल्यास धावत सुटू नये. हे सारे केवळ आपल्या जिवासाठी आहे, असे आम्हांस वाटत नाही. प्रवासी घरी परततो. खाऊला चटावलेले अस्वल मात्र तेथेच राहते आणि त्याच्या औदार्याचे प्रायश्चित्त भोगते.

ज्या दयेने देणाराच तेवढा सुखावतो, तिला दया कसे म्हणावे? अस्वलास त्याच्या रानात सुखाने जगू देईल एवढे अंतर राखणे, हीच आमच्या मते येथे खरी भूतदया होय.